पिन काढण्याचा नियम

४ ऑगस्ट २००८, सोमवार. भोर

शनिवारी दुपारी गेलेली लाईट परत आली ती एका लॅपटॉपचा जीव घेऊनच. जळका वास आला आणि पडदा काळा झाला. आज पुण्याच्या कंपनीला कळवले. दुसरा पाठवतो म्हणाले, पण यानंतर मिळणार नाही हेही सांगितले. योग्यच आहे.

केंद्र सुरू होऊन दोन महिने झाले. काम सोपे आहे. विम्याच्या जुन्या कागदी अर्जांचे फोटो पुण्याहून इंटरनेटवर येतात. बायकांनी ते पडद्यावर वाचून नाव, गाव, वय आपापल्या रकान्यात टाइप करायचे. सहा बायका, सहा लॅपटॉप आणि देखरेखीला मी. जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवल्यावर घरी बसून भावजयीच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा हे बरे. दिवाळीपर्यंत सगळ्यांचा वेग कंपनीला हवा तितका झाला, तर बायका कायम होतील आणि दुसरे केंद्र वेल्ह्याला निघेल.

अमजदला विचारले. माझा धाकटा भाऊ. एसटी स्टँडमागे पाणी उपसायच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचे त्याचे दुकान आहे, विजेतले त्याला कळते.

"आपा, लाईट जाताना काय करत न्हाई. येताना मारती," तो म्हणाला. "माझ्याकडं डबी हाय. लाईट आली की पाच मिनिटं दम धरती, मग पुढं सोडती. लोक फ्रिजला लावत्यात. सहा बसवून देतो."

"कंपनीच्या वस्तूला तुझ्या डब्या नकोत. शिस्त लावली की पुरे."

"शिस्तीला वॉरंटी नसती, आपा."

नियम केला आणि भिंतीवर लावला. काम चालू असताना पिन बोर्डातून काढलेली असावी, लॅपटॉप बॅटरीवर चालावा. चार्जिंग सकाळी काम सुरू होण्याआधी आणि जेवणाच्या सुट्टीत. त्या वेळी बोर्डापाशी मी उभी असेन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नियम पाळला जातो आहे. मात्र या आठवड्यात इंटरनेट फार मंद झाले. सगळ्यांचेच. पूर्वी दाबताच अर्ज उघडे. आता तो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो, कोणी पडदा जपून सोडावा तसा. माझ्या टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर तारेने जोडलेला आहे, तो ठीक चालतो. लॅपटॉपना इंटरनेट कोपऱ्यातल्या डब्यातून बिनतारी मिळते. या दोहोंपुरता लहान इन्व्हर्टर आहे, लाईट गेली तरी ते चालू राहतात. हवेतून येणाऱ्या गोष्टीचा काय भरवसा.

टेलिफोनच्या ऑफिसात तक्रार दिली. भारनियमन इतके की सकाळची लाईट सकाळी नसते आणि दुपारची दुपारी. अमजद म्हणतो, भाटघरचं धरण उशाला आणि मेणबत्ती हाताला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

इंटरनेट सुधारले. टेलिफोनवाले म्हणतात, आम्ही काहीच केले नाही. नसेना का. पाच जणी पूर्ववत झाल्या. मागे राहिली ती फक्त सुलक्षणा धनावले.

ही हिर्डोशीची. वाडीवरून उतरून सकाळची एकुलती एसटी गाठते आणि तरी वेळेवर येते. बारावी झालेली, टाइप करताना चूक जवळजवळ नाही. पण वेग निम्मासुद्धा नाही. नवरा स्वरूप पुण्यात टेम्पो चालवतो, चौघांत एक खोली घेऊन राहतो. ही कायम झाली तर ती दोघे आणि मुलगी भोरमध्ये खोली घेणार, तो इथेच टेम्पो लावणार. हे मला अजराने सांगितले. सुलक्षणा स्वतः काही सांगत नाही.

अजरा सर्वांत वेगवान, आणि सर्वांत बोलकीही. आज तिच्या लॅपटॉपची पिन भर कामात बोर्डात सापडली. आणखी दोघींच्याही.

"लावली आणि विसरले, मॅडम."

"विसरण्यासाठी पगार नाही."

काढायला लावली. मी पाठ फिरवल्यावर मागे पुन्हा खटका वाजल्यासारखे वाटले. एकेकीच्या मागे किती फिरणार? सुलक्षणाची तार मात्र कायम गुंडाळून पिशवीत असते. हीच टापटीप तिच्या कामाच्या वेगात दिसली असती तर बरे झाले असते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दोष शोधण्याची रीत मी मुलींना वर्षानुवर्षे शिकवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे. त्याप्रमाणे सोमवारी सुलक्षणा आणि अजरा यांचे लॅपटॉप आपसांत बदलले. बदलताना सुलक्षणाने आधी अजराच्या लॅपटॉपची पिन काढली.

"अगं राहू दे ना, मॅडम बाहेर गेल्यात," अजरा म्हणाली. मी दारातच होते.

"भिंतीवर लिवलंय की," असे म्हणून सुलक्षणाने तार गुंडाळली.

निकाल स्पष्ट आहे. सुलक्षणाच्या लॅपटॉपवर अजरा तितकीच वेगवान. अजराच्या लॅपटॉपवर सुलक्षणा तितकीच मंद. म्हणजे दोष यंत्रात नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

दुसरा प्रयोग. तिची जागा बदलून तिला इंटरनेटच्या डब्याशेजारी बसवले. फरक नाही. मंदपणा तिच्याबरोबर खुर्ची उचलून फिरतो आहे.

पुण्याच्या इमरानला फोन केला. कंपनीची यंत्रे तोच सांभाळतो, तरुण आहे आणि भरभर बोलतो.

"मॅडम, लॅपटॉप लाईटला लावलेला असतो ना?"

"आमच्याकडे बॅटरी नेहमी भरलेली असते. त्याची व्यवस्था मी स्वतः पाहते."

"तसं नाही मॅडम, मी म्हणत होतो..."

"हा लॅपटॉप दुसरीच्या हातात उत्तम चालतो. तेव्हा यंत्राचा प्रश्नच नाही. इंटरनेटचं बोला."

त्याने पुण्याकडून सर्व तपासले. तिथे दोष नाही. रोजा असताना अशा पोरांशी हुज्जत घालणे जिवावर येते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज सुलक्षणाच्या मागे खुर्ची टाकून बसले. फोटो उतरू लागला. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत राहिली.

"काय करते आहेस?"

"वाट बघत्ये, बाई. फोटू यायची."

"बाकीच्यांना वाट पाहावी लागत नाही."

"व्हय."

"मग तुलाच का?"

"माझंच कायतरी चुकत आसंल."

काय चुकते ते तिने सांगायला हवे होते. मी पाहिलेले असे, की फोटो आल्यावर तिची बोटे कोणाहून कमी चालत नाहीत. न येणाऱ्या फोटोला बोटे काय करणार, हे मला समजते. पण तोच फोटो शेजारी लगेच येतो, याला काय म्हणावे? कदाचित ती आधीचा अर्ज नीट बंद करत नसेल. तशी ताकीद दिली. ती म्हणाली, करते बंद. करत असल्याचे मी पाहिलेही. तरी ताकीद असलेली बरी.

मी उठल्यावर अजरा तिला म्हणाली, "तुझा फोटू हिर्डोशीच्या एसटीनं येतो वाटतं." सगळ्या हसल्या. सुलक्षणाही हसली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

वेल्ह्याला जाऊन आले. तहसील कचेरीच्या पुढे एक खोली पाहिली. कोरडी आहे, दारात उभे राहिले की तोरणा समोर. बायका बऱ्याच जमल्या होत्या. भिंतीला टेकून एक उभी होती, ती म्हणाली, "आमची बोटं शेतातली, ती काय पळायची?"

मी सांगितले, बोटांचे काही नसते. सांगितलेला नियम जी काटेकोर पाळेल, ती पुढे जाईल.

बायकांनी माना डोलावल्या. परत येताना एसटीत झोप लागली नाही. उपवासामुळे असेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

परवा ईद झाली. आज सकाळी केंद्रात एक म्हातारी आली. डोक्यावर पाटी, तिच्यात नाचणीचे पीठ. सुलक्षणाची सासू, धोंडाबाई. सुलक्षणा तिला पाहून उभी राहिली, तशी म्हातारीनेच तिला हाताने खाली बसवले.

"बस गं. काम कर. म्या बाईंकडं आल्ये." मग मला म्हणाली, "तुमचा सण झाला म्हनं. आमच्याकडं दुसरं काय न्हाई, पीठ आनलंय."

मी पीठ घेतले. पाटी बाजूला ठेवून ती तिथेच जमिनीवर बसली.

"बाई, एक इचारू? ही हितं नीट काम करती ना?"

"चूक करत नाही. पण फार हळू आहे."

"हळू?" ती हसली. "आवं, भात लावताना हिच्या म्होरं कुनी नसतं. घरला आली की पुठ्ठ्यावर अक्षरं काडून त्याच्यावर बोटं नाचवती. म्या म्हनलं, बया, पुठ्ठ्याला भोक पडंल."

"सराव करते हे चांगलं आहे."

"शेताकडं म्या तिला येऊ देत न्हाई. दोघींचं म्या एकली वडत्ये. म्हंजे काय उपकार न्हाई तिच्यावर, माझा सवारथ हाय. ही हितं कायम झाली तर माझा ल्योक पुन्यासनं माघारी यील. भोर काय, हाकंच्या अंतरावर. कायम करशीला नव्हं?"

"माझ्या हातात नाही. वेग पुण्यात मोजला जातो."

"पन बघनार तर तुमीच."

म्हातारी जाताना सुनेच्या पडद्याकडे वाकून पाहत राहिली. तेव्हा फोटो अर्धा उतरला होता. "ह्यो बी दमलाय जनू," म्हणाली आणि गेली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याहून फोन. पाच जणी पात्र, एक नाही. जी नाही तिच्या जागी दिवाळीनंतर दुसरी घ्या, म्हणजे सहाही जागा भरतील आणि वेल्ह्याचे काम पुढे सरकेल. नाव मला पाठवायला सांगितले. त्यांना ते ठाऊक आहे, पण माझ्या सहीने हवे.

सगळे प्रयोग केले आहेत. यंत्र बदलले, जागा बदलली, रीत तपासली. प्रत्येक वेळी बाकी सर्व बदलले आणि एकच गोष्ट तीच राहिली, ती म्हणजे सुलक्षणा. यापेक्षा स्पष्ट निष्कर्ष कुठल्याही प्रयोगवहीत निघत नाही. नाव पाठवले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सुलक्षणाचा शेवटचा दिवस. तिला काल सांगितले होते. ती आज आलीच नसती तरी चालले असते, पण आली, वेळेवर, आणि संध्याकाळपर्यंत काम केले. जाताना लॅपटॉप पुसला, तार गुंडाळून त्यावर ठेवली.

"दिवाळीला हे येनार हायेत," ती म्हणाली. "त्यांच्यासंगंच जाऊ आता पुन्याला. खोलीचं बघत्यात."

"आणि सासू?"

"त्या ऱ्हातील. शेत हाय ना."

चांगली खोली बघा, असे मी म्हणाले.

अजरा आज दिवसभर बोलली नाही. कामाच्या दृष्टीने बरे झाले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

जागा रिकामी ठेवून अर्ज साचवणे बरोबर नाही, म्हणून सकाळी मी स्वतः सुलक्षणाच्या जागेवर बसले. नियम मीच केलेला, तेव्हा पिन काढून ठेवली. अर्ज दाबला. फोटो पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागला. पहिल्यांदा वाटले, माझ्या दाबण्यात काही चुकले. पुन्हा दाबले. मग हात मांडीवर ठेवून बसले. सकाळभर बसले.

शेजारी अजराचे अर्ज पटापट जात होते. दुपारी ती पाणी प्यायला उठली, माझ्या पडद्याकडे पाहिले, आणि काही न विचारता गुंडाळलेली तार सोडून पिन बोर्डात खुपसली. पुढचा फोटो डोळ्याचे पाते लवायच्या आत समोर होता.

"हे काय केलंस?"

"काही नाही मॅडम. पिन लावली की लवकर येतंय असं वाटतं. म्हणून आम्ही लावतो." मग तिने जीभ चावली.

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळ्याच. तुमची पाठ वळली की. सुलक्षणा नाही लावायची. तिला लाख वेळा म्हटलं."

पिन काढली. फोटो मंद. लावली. वेगात. काढली, लावली, पुन्हा काढली. अजरा आणि इतर चौघी आपापली कामे सोडून माझ्याभोवती उभ्या होत्या, मी त्यांना रागावलेसुद्धा नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

इमरानला फोन करून या वेळी त्याला बोलू दिले.

"बॅटरीवर असलं की लॅपटॉप वीज वाचवतो, मॅडम. बिनतारी इंटरनेटचं कार्ड मग डुलक्या घेत चालतं. जरा जागं, जरा झोपलेलं. वेग घ्यायचा की बॅटरी वाचवायची, ते आत ठरवता येतं. कारखान्यातून येताना बचतीवर लावलेलं असतं."

"हे आधी का सांगितलं नाही?"

"मी विचारलं होतं, मॅडम."

त्याने सांगितले तसे पडद्यावर आत आत जात गेले. एक लहानशी सरकपट्टी आहे, एका टोकाला बचत, दुसऱ्या टोकाला पूर्ण ताकद. सहाही लॅपटॉपवर ती दुसऱ्या टोकाला सरकवली. आता पिन काढली तरी फोटो लगेच येतो. बॅटरी थोडी लवकर संपेल, एवढेच. ऑगस्टात सगळ्यांचे इंटरनेट मंद झाले ते नियमाच्या पहिल्या आठवड्यात. सुधारले ते नियम मोडू लागल्यावर. टेलिफोनवाल्यांना पत्र पाठवून तक्रार मागे घेतली.

पुण्यालाही कळवले, की पाठवलेले नाव चुकीच्या मोजमापावर पाठवले होते. तिथले साहेब म्हणाले, बदली अजून घेतलेली नाही, आणायची तर जुनीच आणा, मात्र दिवाळी संपताच वेग दिसला पाहिजे.

अमजदला सहा डब्या बसवायला सांगितल्या, म्हणजे पिन लावलेली राहिली तरी लाईट येताना धोका नाही.

"हे म्या ऑगस्टात सांगितलं हुतं, आपा."

"तेव्हा तू नीट समजावून सांगितलं नाहीस."

"व्हय, माझंच चुकलं," म्हणाला, आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून स्क्रू आवळत राहिला. खांदे हलत होते.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिर्डोशीला गेले. फोन लागत नव्हता, आणि अशी गोष्ट निरोपाने सांगण्यासारखी नाही. एसटीतून उतरून वाडीपर्यंत चढ आहे, मध्ये दोनदा थांबले. खाचरात भात कापणी चालली होती. सुलक्षणा पेंढ्या बांधत होती आणि धोंडाबाई म्हणाली होती ते खरे आहे, तिच्यापुढे कोणी नव्हते. स्वरूप बांधावर भारे रचत होता. मला पाहून त्याने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला.

बांधावर उभी राहूनच सर्व सांगितले. बॅटरी, कार्ड, सरकपट्टी. धोंडाबाईने विळा खाली ठेवून ऐकले.

"थांबा बाई, मला नीट समजू द्या," ती म्हणाली. "तुमी म्हनला, पिन काडा. हिनं काडली."

"हो."

"म्हून ही मागं ऱ्हायली."

"हो."

"आन् ज्यांनी तुमचं ऐकलं न्हाई, त्या पयल्या आल्या."

"हो."

म्हातारी इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. डोळे पदराने पुसले. "मग आता काय सांगायला आलाय? आता ऐकू नको म्हून?"

"आता पिन लावून ठेवायची, असं सांगायला."

"म्हंजे परत नियमच."

स्वरूप खाली पाहत म्हणाला, "बाई, पुन्यात खोलीचं बोलनं झालंय माझं. आता परत हितं आनायचं, आन् दोन महिन्यानं दुसरं कायतरी निघायचं." त्याचे म्हणणे गैर नव्हते. मी त्याला दिवाळीनंतरची अट जशी आहे तशी सांगितली. खात्री दिली नाही, कारण ती माझ्याकडे नाही.

सुलक्षणाने हातातली पेंढी बांधून पुरी केली, मग विचारले, "बाई, तुमी सोता बसला हुता माझ्या जागंवर?"

"हो."

"पिन काडून?"

"हो."

"किती वेळ?"

"सकाळभर."

"फोटूची वाट बघत?"

"हो. हात मांडीवर ठेवून."

ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून हसली. "मग येत्ये," म्हणाली. नवऱ्याकडे पाहिले नाही. त्यानेही टॉवेल पुन्हा डोक्याला बांधला आणि भारा उचलला.

मी एवढे विजेचे समजावून सांगितले, त्यावर तिने काहीच विचारले नाही. सकाळभर बसले हे ऐकून तिचे कसे समाधान झाले, ते मला कळले नाही. माणसे कधी कधी गैरलागू गोष्टीवर निर्णय घेतात.

परतीची एसटी येईपर्यंत धोंडाबाईने चहा केला. सणाचे दिवस म्हणून करंज्याही दिल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुलक्षणा सोमवारपासून कामावर. आज इमरानने पुण्याहून वेग कळवला. ती अजराच्या पुढे आहे. अजराला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पुठ्ठ्यावर नाचलेली बोटं ती, मॅडम. मला आता घरी पुठ्ठा आणावा लागणार." पुण्याने सहाही नावे कायम केली आणि वेल्ह्याची खोली घ्यायला सांगितले. स्वरूप खोली पाहायला काल भोरात आला होता, नदीकडची एक त्याला पसंत पडली.

भिंतीवरचा कागद काढला. वेल्ह्यासाठी नवे नियम लिहायला घेतले होते, दोन ओळी झाल्या, मग ठेवून दिले. त्या बायकांना आधी बसवावे आणि काय होते ते पाहावे.

सकाळी काम चालू असताना लाईट गेली. सुलक्षणाचा हात सवयीने टेबलाखाली पिन काढायला गेला, आणि अमजदच्या डबीपाशी थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. मी समोरचा कागद वाचत होते. खरे तर तो वाचून झाला होता. ती थोडा वेळ पाहत राहिली. मी मान वर केली नाही. मग तिने रिकामा हात वर घेतला आणि पुढचा अर्ज उघडला.